फौजी ते शोरूम मॅनेजर: सारखे विचारले जाणारे प्रश्न

युनिटच्या ग्रुपवर, गावच्या ग्रुपवर आणि आता तर साडूच्या सोसायटीच्या ग्रुपवरूनही हेच प्रश्न येतात. प्रत्येकाला व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतो. मी ईएमईचा, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा, व्हेइकल मेकॅनिक. गाव सातारा जिल्ह्यात. 1993 ला कोल्हापूरच्या ऑफिसातून भरती झालो, 2011 ला हवालदार म्हणून पेन्शन आलो. आज मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कार डीलरशिपचा जनरल मॅनेजर आहे. शोरूमचं नाव लिहीत नाही. मालकाला ही असली जाहिरात नको आणि मला जास्तीचे फोन नकोत.

फौजेतून सुटलात आणि थेट मॅनेजर झालात का?

नाही हो. सुटल्यावर पहिले आठ महिने मला एकच नोकरी सुचवली जात होती, सिक्युरिटीची. माजी सैनिक म्हटलं की मुंबईत लोकांच्या डोळ्यापुढे बँकेच्या दारातली दुनाळी बंदूक येते. अठरा वर्षं इंजिनं खोलली हे सांगून सांगून कंटाळलो. शेवटी एका डीलरच्या भिवंडीच्या स्टॉकयार्डात लागलो. कारखान्यातून ट्रेलरनं आलेल्या गाड्या उतरवून घ्यायच्या, तपासायच्या, रांगेत लावायच्या आणि शोरूमला पाठवायच्या. पगार पेन्शनपेक्षा कमी होता. ते मी घरी बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

तिथून वर्कशॉपला फ्लोअर सुपरवायझर, मग सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, मग वर्क्स मॅनेजर. 2018 ला सेल्सकडे वळलो आणि 2022 ला जनरल मॅनेजर झालो. म्हणजे सुटल्यापासून अकरा वर्षं. ‘सर्व्हिसचा माणूस सेल्सला चालत नाही’ असं या धंद्यात सर्रास बोललं जातं. माझ्या बाबतीतही बोलले.

शोरूमचा मॅनेजर नक्की करतो काय? गाड्या विकतो का?

गाड्या सेल्सची पोरं विकतात. मॅनेजर एकटा नसतो. नव्या गाड्यांचा सेल्स मॅनेजर वेगळा, वर्कशॉपचा वर्क्स मॅनेजर वेगळा. शिवाय बॉडी शॉप, स्पेअर, जुन्या गाड्या, इन्शुरन्स-फायनान्सचं टेबल आणि अकाउंट्स. जनरल मॅनेजर या सगळ्यांच्या वर, आणि मालक त्याच्या वर. त्याखेरीज ‘कंपनी’. फौजेत कंपनी म्हणजे शंभरेक जवानांची तुकडी. इथं कंपनी म्हणजे गाडी बनवणारी. सुरुवातीला मीटिंगमध्ये ‘कंपनीकडून प्रेशर आहे’ ऐकलं की मला कंपनी कमांडरच आठवायचा.

सकाळी मी पाच आकडे बघतो. काल एन्क्वायरी किती, टेस्ट ड्राइव्ह किती, बुकिंग किती, डिलिव्हरी किती, आणि काल संध्याकाळी वर्कशॉपमध्ये किती गाड्या अडकून राहिल्या. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. नव्या गाडीवर डीलरला सुटणारी रक्कम लोकांना वाटते त्यापेक्षा फार बारीक असते. शोरूमचं लाइट बिल भरतं ते वर्कशॉप, स्पेअर आणि इन्शुरन्स.

उरलेला दिवस भानगडी निस्तरण्यात जातो. 2019 पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट डीलरनंच लावून द्यायची असते आणि प्लेटशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही. गिऱ्हाइकाच्या गुरुजींनी मुहूर्त काढलेला असतो 11 वाजून 40 मिनिटांचा. आजी व्हीलचेअरवर बसून आलेल्या असतात, हार आलेला असतो, चाकाखालची लिंबं आलेली असतात आणि प्लेट आलेली नसते. त्या वेळी जो आजींसमोर जाऊन उभा राहतो, तो मॅनेजर. शिवाय पत्त्यावरून आरटीओ ठरतो: ताडदेव 01, अंधेरी 02, वडाळा 03, बोरिवली 47. बोरिवलीत राहून ‘मला 02 च पाहिजे’ म्हणून तासभर भांडणारं गिऱ्हाईक महिन्यातून एकदा तरी येतंच.

मी इन्फन्ट्रीचा. गाडीतलं ओ की ठो कळत नाही. जमेल का?

जमेल. मशीन कळणं वर्कशॉपला लागतं, बाकी ठिकाणी शिकता येतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेला एक जण आज माझं यार्ड सांभाळतो. त्याला टायमिंग चेन दाखवली तर तो हसेल, पण कुठल्या रांगेत कुठल्या रंगाची गाडी किती दिवस उभी आहे ते झोपेत सांगेल. क्लार्क आणि स्टोअरमन ट्रेडची माणसं तर मला मेकॅनिकपेक्षाही जास्त हवी असतात. स्पेअर पार्टचं खातं ज्यांना जमतं अशी माणसं मुंबईत दुर्मीळ आहेत.

एक गोष्ट मात्र सुटण्याआधी करा. फौजेचं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून आरटीओतून सिव्हिल लायसन्स काढून घ्या. युनिटची कागदपत्रं हातात असताना हे सोपं जातं. टेस्ट ड्राइव्हची गाडी असो की यार्डातली, सिव्हिल लायसन्सशिवाय मी कुणाच्या हातात किल्ली देत नाही, मग त्यानं सियाचीनला स्टॅलियन ट्रक चालवलेला असो.

शिक्षण बारावीच आहे. फौजेचं ग्रॅज्युएशन चालतं का?

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला पदवीच्या बरोबरीचं धरतात, पण ते सरकारी गट ‘क’च्या ज्या पदांना तांत्रिक अनुभवाची अट नाही अशा पदांसाठी. खासगी डीलरच्या एचआरला त्या कागदाचं काही बंधन नाही. छोटा डीलर विचारतही नाही. मोठ्या ग्रुपमध्ये मॅनेजरच्या पायरीवर ‘ग्रॅज्युएट’ या रकान्यात टिक लागते. मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, चाळिशीत. परीक्षेला माझ्या शेजारच्या बाकावर बसलेली मुलगी मला ‘सर’ म्हणाली, तिला मी पर्यवेक्षक वाटलो. अजून नोकरीत असाल तर आत्ताच नाव घाला.

डीजीआरचा कोर्स करावा का?

करावा. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स सेवेच्या शेवटच्या टप्प्यात मिळतात आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि जवानांना त्याची फी भरावी लागत नाही. पण कोर्स निवडताना गावाजवळचं केंद्र मिळतंय एवढंच बघून निवडू नका. माझ्या बरोबरच्यांनी घराजवळ म्हणून असे कोर्स घेतले, ज्यांचा पुढं काडीचा उपयोग झाला नाही. ऑटोमोबाइल, स्टोअर किंवा लॉजिस्टिक्स मिळालं तर घ्या. आणि एक्सेल शिका. मला कुणी फौजी येऊन म्हणाला की ‘साहेब, मला पिव्हट टेबल येतं’, तर मी चहा मागवतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ठेवा. नोकरी तिथूनच मिळेल असं नाही, पण मुलांच्या शिष्यवृत्तीपासून दाखल्यांपर्यंत सगळ्याला तेच दार आहे.

पगार किती मिळतो? आणि नोकरी केली तर पेन्शन बंद होते का?

आकडा सांगत नाही, कारण ब्रँड आणि जागा बदलली की आकडा बदलतो. रचना सांगतो. एक ठरलेला पगार आणि त्यावर इन्सेन्टिव्ह. खालच्या पायरीवर ठरलेला भाग लहान असतो आणि ज्या महिन्यात गाड्या गेल्या नाहीत त्या महिन्यात तेवढ्यावरच भागवायचं. फौजेत पहिल्या तारखेची सवय लागलेल्या माणसाला हा पहिला धक्का. पेन्शन चालू असते म्हणून आपण तो सोसू शकतो. शेजारच्या टेबलावरच्या पंचवीस वर्षांच्या पोराला ती सोय नसते, हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोला.

खासगी नोकरीमुळं पेन्शन थांबत नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला की झालं. अडचण वेगळीच येते. पेन्शन हेही करपात्र उत्पन्न आहे आणि शोरूमचं अकाउंट्स फक्त त्यांनी दिलेल्या पगारावर कर कापतं. दोन्ही मिळून तुम्ही वरच्या टप्प्यात जाता आणि जुलैत रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम निघते, वर व्याज. नोकरीला लागलात की पहिल्याच महिन्यात पेन्शनचा आकडा अकाउंट्सला लेखी कळवा. मी कळवला नव्हता, आणि त्या वर्षी बायकोच्या पाटल्या राहून गेल्या.

टार्गेट म्हणजे नेमकं काय? महिनाअखेरीला एवढी धावपळ कशाची असते?

दोन आकडे वेगळे ठेवा. कंपनी डीलरला गाडी देते ते होलसेल, डीलर गिऱ्हाइकाला देतो ते रिटेल. कंपनी तिच्याकडून गाडी निघाली की विकली असं धरते. डीलरनं मात्र ती बँकेच्या पैशावर घेतलेली असते आणि यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचं व्याज रोज चालू असतं. साठ दिवस उलटून गेलेली गाडी नव्वदाव्या दिवशी सुटली तरी तिनं कमावलेलं व्याजातच गेलेलं असतं. म्हणून मी गाड्यांना ‘किती दिवसांची’ असं विचारतो, लेकराचं वय विचारावं तसं. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारी उजाडला की एका रात्रीत एक वर्षानं म्हातारी होते आणि गिऱ्हाईक बरोबर तेवढंच पकडतं.

त्यात आपलं पंचांग. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवसांत रात्री बारापर्यंत डिलिव्हरी. पितृपक्षात शुकशुकाट, बुकिंग केलेलं गिऱ्हाईकसुद्धा फोन उचलत नाही. 2025 साली तर कडेलोट झाला. 15 ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि गिऱ्हाइकांनी जागच्या जागी ब्रेक मारला. एरवी गणपतीत गाडी काढणारी माणसं थांबली. मग पितृपक्ष लागला. नवे दर लागू झाले 22 सप्टेंबरला, नेमकी घटस्थापना. छोट्या गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. महिनाभर आमच्या यार्डात जुना सेस भरून घेतलेल्या गाड्या आणि शोरूममध्ये नुसता एसी. आणि त्यानंतर दसऱ्यापर्यंत अकरा दिवस आम्हाला जेवायला फुरसत नव्हती.

एप्रिल 2020 ज्यांनी पाहिला त्यांना याचंही विशेष वाटत नाही. त्या महिन्यात लॉकडाऊनमुळं मोठमोठ्या कंपन्यांची देशातली विक्री शून्य होती. तेव्हा मी दर सोमवारी यार्डात जाऊन गाड्या सुरू करून बंद करायचो. का, ते पुढं पावसाच्या उत्तरात आहे.

फौजी शिस्त शोरूममध्ये चालते का?

आपण समजतो ती चालत नाही. माझंच सांगतो. फ्लोअर हातात आल्यावर मी सकाळी सव्वानऊला रोल कॉल सुरू केला. उशीर झाला की माणूस बाहेर उभा. टिटवाळ्याहून येणारं एक पोरगं आठवड्यात तीनदा उशिरा आलं. तिन्ही वेळा मी त्याला काचेबाहेर उभं केलं, गिऱ्हाइकं आत येताना त्याच्याकडे बघत होती. चौथ्या दिवशी ते आलंच नाही. रस्त्यापलीकडच्या शोरूममध्ये लागलं आणि जाताना स्वतःच्या मोबाइलमधली सगळी गिऱ्हाइकं घेऊन गेलं. त्यातल्या तीन गाड्या जवळजवळ ठरलेल्या होत्या. मालकानं मला आत बोलावून फक्त एवढंच विचारलं, ‘तुम्ही कधी मध्य रेल्वेनं आलायत का?’

मी गोरेगावात राहत होतो, चालत यायचो.

आता रोल कॉल साडेनऊला आहे आणि कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्यांना पावणेदहा. फौजेत हुकूम पाळला जातो कारण समोरचा सोडून जाऊ शकत नाही. इथं नोटीस पिरियडसुद्धा कुणी पाळत नाही.

पण फौजेतली एक सवय मला इथं रोज भाकरी देते, आणि ती म्हणजे चार्ज देणं-घेणं. बदली झाली की आपण काय करायचो? पान्यापासून जॅकपर्यंत एकेक वस्तू मोजून, रजिस्टरवर सही करून घ्यायची. गाडीची कार डायरी तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घ्यायची नाही. शोरूमच्या धंद्यात नव्वद टक्के भांडणं याच सवयीच्या अभावातून होतात. ट्रेलरवाला म्हणतो ओरखडा यार्डात पडला, यार्डवाला म्हणतो शोरूमला पडला, शोरूमवाला म्हणतो अ‍ॅक्सेसरी बसवताना पडला. आणि गिऱ्हाईक पेढ्यांचा पुडा हातात धरून उभं असतं.

मी यार्डात होतो तेव्हा प्रत्येक टप्प्यावर सही सुरू केली. ट्रेलरवरून उतरताना, डिलिव्हरीपूर्व तपासणीच्या आधी, नंतर आणि शोरूमला देताना. किल्ल्या नंबर घातलेल्या पाटीवर. पोरं मला मागं ‘रजिस्टर’ म्हणायची, अजूनही काही जण म्हणतात. दोन महिन्यांत ओरखड्यांचे वाद जवळजवळ संपले, आणि मालकानं माझं नाव पहिल्यांदा विचारलं ते त्या वेळी. कुणी विचारलं की फौजेनं काय दिलं, तर लोकांना वाटतं मी शौर्य वगैरे म्हणेन. मी सही म्हणतो.

मुंबईच्या पावसात एवढ्या गाड्या कुठं ठेवता?

पाणी साचणार नाही अशी जागा परवडत नाही आणि परवडते तिथं पाणी साचतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी फौजेत होतो, पण इथल्या जुन्या माणसांकडून त्या महिन्यांच्या गोष्टी अजून ऐकतो. पाण्यात बुडालेली गाडी लोकांनी सेल्फ मारून पाहिली, सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं, कनेक्टिंग रॉड वाकले. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारू नका, हे वाक्य मी दर जूनमध्ये गिऱ्हाइकांना पाठवतो, आणि दर जुलैत दोन-तीन जण मारतातच.

माझी स्वतःची चूक 29 ऑगस्ट 2017 ची. दुपारी पाणी चढायला लागलं. शोरूममागच्या छोट्या यार्डात सत्तावीस गाड्या होत्या. किल्ल्या पाटीवर क्रमानं होत्या, माणसं होती, उड्डाणपुलाच्या चढावर जागाही हेरलेली होती. तेवीस गाड्या हलवल्या. चार सुरूच झाल्या नाहीत. महिनाभर उभ्या राहून बॅटऱ्या उतरल्या होत्या. सगळं रजिस्टर होतं, फक्त गाडी चालू करून बघायचा रकाना नव्हता. फौजेत आठवड्याची मेंटेनन्स परेड आयुष्यभर केली आणि इथं ती विसरलो. त्या चार गाड्या पुढं इन्शुरन्सकडं गेल्या. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी प्रत्येक गाडी सुरू होते, टायरची हवा बघितली जाते, सही होते. 2020 च्या लॉकडाऊनमध्येही झाली.

कॅन्टीनमधून गाडी काढून द्या म्हणून लोक मागे लागतात का?

रोज. सीएसडीतून, म्हणजे फौजेच्या कॅन्टीन खात्यातून, घेतलेल्या गाडीवर जीएसटीत निम्मी सूट असते, त्यामुळं अचानक सगळ्यांना माझ्याबद्दल प्रेम वाटू लागतं. पद्धत अशी: गाडी उपलब्ध असल्याचं पत्र डीलर देतो, बुकिंग सीएसडीच्या पोर्टलवर होतं, पैसे सीएसडीला जातात, त्यांची ऑर्डर आली की डीलर गाडी देतो. इन्शुरन्स, आरटीओ, अ‍ॅक्सेसरी वेगळं, ते थेट डीलरकडं. पदानुसार इंजिन, किंमत आणि किती वर्षांतून एकदा यावर मर्यादा आहेत आणि त्या परिपत्रकानं बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी पोर्टलवर बघा, माझ्या मागच्या वर्षीच्या मेसेजवर जाऊ नका.

आता खरा प्रश्न, जो कुणी सरळ विचारत नाही: ‘तुमच्या कार्डावर मेव्हण्यासाठी घेऊ का?’ नाही. ती सवलत स्वतःच्या वापरासाठी आहे. एका जवळच्या नातेवाइकानं यावरून दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग त्यानं दुसरीकडून गाडी घेतली आणि सर्व्हिसिंगला माझ्याकडंच येतो.

मालकानं चुकीचं काही करायला सांगितलं तर?

सांगतात. सगळे नाही, पण सांगतात. सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे ट्रेलरवर घासलेली गाडी रंगवून ‘नवी कोरी’ म्हणून देणं. माझा नियम: दुरुस्ती झाली असेल तर गिऱ्हाइकाला लेखी सांगायचं, थोडी किंमत कमी करायची, त्याला पटलं तर घेईल. आधीच्या एका ठिकाणी हे मान्य झालं नाही. मी तिथून निघालो. हातात पेन्शन होती म्हणून निघू शकलो, यात फार मोठेपणा नाही.

दुसरा प्रकार इन्शुरन्सचा. ‘आमच्याकडूनच घ्यावा लागेल’ असं गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. विमा नियामकाचे 2017 चे नियम तसे आहेत. पोरांना इन्सेन्टिव्ह त्यावर असतो म्हणून ती दाबून बोलतात. मी पोरांना म्हणतो, आमच्याकडं घेतला तर क्लेमच्या वेळी वर्कशॉपमध्ये काय सोय होते ते सांगा, तेवढं पुरतं. बहुतेक वेळा खरंच पुरतं.

अग्निवीर म्हणून चार वर्षं करून आलेल्याला घ्याल का?

घेईन, आणि त्यांच्यासाठी ही लाइन आमच्यापेक्षा चांगली आहे. एकविसाव्या-पंचविसाव्या वर्षी बाहेर पडणारा पोरगा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणून सुरू करून पस्तिशीत मॅनेजर होऊ शकतो. मी त्या वयात जबलपूरला गिअरबॉक्स उतरवत होतो. फरक एवढाच की त्याला पेन्शन नाही, त्यामुळं वर पगाराच्या उत्तरात जे लिहिलं ते त्याला लागू नाही. चार वर्षं संपल्यावर सेवानिधीचे जे साधारण पावणेबारा लाख एकरकमी हातात येतील त्यातून गाडी घेऊ नका. होय, हे मीच लिहितोय, गाड्या विकणारा.

ऑफिसर रँकवरून आलो तर थेट वरच्या पदावर?

मोठ्या ग्रुपमध्ये प्रशासन किंवा एचआरच्या जागी, होय. शोरूम चालवायला मात्र वर्षभर तरी खाली बसावं लागतं. एक कर्नलसाहेब आमच्याकडं आले होते. पहिल्या आठवड्यात ते स्वतःहून वर्कशॉपच्या काउंटरवर बसले, शिव्या खाल्ल्या, आणि तेच टिकले.

पेन्शन विकून आलेल्या पैशातून स्वतःची डीलरशिप घेऊ का?

नको. रस्त्यावरचं शोरूम, वर्कशॉप आणि स्टॉक मिळून हा कोटींचा खेळ आहे, तुमचं कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा भाग विकून आलेली एकरकमी रक्कम, त्यात पहिल्या काचेलाही पुरणार नाही. निम्मी पेन्शन विकली तर ती पंधरा वर्षांनी पूर्ववत होते, तोवर घर त्या उरलेल्या निम्म्यावर आणि नोकरीवर चालवायचं असतं. आणि डीलरचं नशीब दुसऱ्याच्या हातात असतं. जनरल मोटर्सनं 2017 ला इथली विक्री थांबवली, फोर्डनं 2021 ला भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. त्यांच्या डीलरांनी शोरूम सजवताना हे स्वप्नातही पाहिलं नव्हतं. त्यातल्या एकाचा वर्क्स मॅनेजर आज माझ्याकडं आहे, माझ्याहून हुशार आहे.

तालुक्याच्या गावी चांगलं मल्टिब्रँड गॅरेज काढणार असाल तर वेगळी गोष्ट. त्यासाठी फोन करा, तासभर बोलू.

घरचे म्हणतात, निम्मं आयुष्य बाहेर काढलंत, आता तरी घरी थांबा. सुट्टी मिळते का?

शनिवार-रविवारी शोरूमला सगळ्यात जास्त गर्दी, त्यामुळं सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी. दसरा-दिवाळी घरी नाही. गणपतीला गावी दीड दिवस. फौजेत वर्षातून दोन महिने सलग सुट्टी मिळायची, ट्रंक घेऊन एसटीतून उतरलो की अख्खी आळी गोळा व्हायची. इथं रोज रात्री घरी येतो आणि बायको म्हणते तेव्हा जास्त बोलायचात. यावर माझ्याकडं उत्तर नाही. धनत्रयोदशीला तिला आणि मुलीला शोरूमला घेऊन येतो, त्या डिलिव्हरीच्या गाड्यांना हळद-कुंकू लावतात आणि त्या दिवसापुरता तो प्रश्न मिटतो.

तुम्हाला भेटायला यायचं असेल तर कधी यावं?

महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर येऊ नका. दसऱ्याच्या आठवड्यात तर नकोच. गुरुवारी अकराच्या सुमाराला या, तेव्हा वर्कशॉपची सकाळची गर्दी ओसरलेली असते. डिस्चार्ज बुक आणा आणि सिव्हिल लायसन्स आणा. बायोडेटात ‘प्रामाणिक, कष्टाळू’ लिहू नका, किती गाड्यांचा किंवा किती वस्तूंचा चार्ज तुमच्याकडं होता तो आकडा लिहा. आणि दारातला सिक्युरिटीवाला कडक सॅल्यूट मारेल, तो मद्रास इंजिनिअर्सचा आहे. त्याला ‘राम राम साब’ म्हणून आत या, तो तुमची बाइक सावलीत लावून देईल.